दादाचे ठिपके

३ मार्च, सोमवार

बाटली बंद होणार! होणार म्हणजे — होऊ शकते. डॉक्टरीणबाई ‘शकते’वर चांगला जोर देऊन म्हणाल्या. पण लिफ्टमधून खाली येईपर्यंत तो जोर माझ्या डोक्यातून गेलाच होता.

नीट लिहिते. दादाच्या बोन मॅरो बदलाला आज तेरा महिने झाले. त्याचं स्वतःचं रक्त बिघडलं होतं. ते औषधांनी पार पुसून काढलं आणि रिकाम्या जागेत माझ्या पेशी सोडल्या. तेव्हा मी इतकी घाईत होते की नऊ पानी फॉर्मवर सगळीकडे धडाधड ‘नाही’वर खुणा केल्या. बीपी नाही, दमा नाही, ॲलर्जी नाही, काही नाही, घ्या मला, लवकर घ्या! आता दादाच्या अंगात जे रक्त आहे ते माझ्या पेशींचं. रक्तगटसुद्धा माझा. पस्तिशीचा बाप्या आणि रक्तगट धाकट्या बहिणीचा. याचा त्याला जो राग येतो ना!

सगळं रुळलंय, एक गोष्ट सोडून. अँटिबॉडी. त्या अजून बाहेरून येतात — महिन्याला एक बाटली, हजारो अनोळखी रक्तदात्यांच्या अँटिबॉडी एकत्र करून भरलेली, पाच तास थेंब थेंब. दादा तिला ‘भाड्याची फौज’ म्हणतो. आणि जोवर बाटली, तोवर बेकरी नाही. पीठ, बुरशी, गिऱ्हाइकांचे खोकले, सगळं वर्ज्य. तेरा महिने वहिनी एकटी बेकरी ओढतेय. आता एक जण दुकान चालवायला मागतोय आणि त्याला महिनाअखेर उत्तर हवंय. दादा त्याचं नाव काढत नाही. ‘तो’ म्हणतो फक्त.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एक लस देऊन बघू, शरीर स्वतः अँटिबॉडी बनवतं का. पण रक्त तपासून कळणार नाही, रक्तात बाटलीतल्याच सापडतील. मी खुर्चीतून उठलेच. म्हटलं, मग अँटिबॉडी कशाला शोधायच्या, त्या बनवणाऱ्या पेशीच रंगेहाथ पकडू! आमच्या लॅबमध्ये रोज पकडतो. एक पेशी, एक ठिपका.

‘आधी तुमच्या मॅडमना विचारा,’ बाई म्हणाल्या. ‘ठिपके दिसले तर बाटली थांबवू. आणि बेकरीचंही बघू.’ खाण्याचं पथ्यसुद्धा सुटलं. कच्चं, सुकामेवा, सगळं चालेल, फक्त शिळंपाकं नको.

घरी आल्यावर दादानं खुंटीवरची बेकरीची किल्ली काढली आणि खिशात टाकली. मी बघितलं नाही असं दाखवलं.

४ मार्च, मंगळवार

मॅडम हो म्हणाल्या! डॉक्टरांची चिठ्ठी हवी, नळीवर नाव नको नुसता आकडा हवा, आणि ठिपके तू मोजायचे नाहीत, दुसऱ्यानं मोजायचे. सगळं कबूल. मॅडम उद्यापासून परिषदेला परगावी, थेट सतराला येणार. ‘अडलं तर फोन कर.’ अडतंय कशाला? शेकड्यानं प्लेटी केल्यात.

जेवताना घरच्यांना समजावलं. म्हटलं, एक पेशी असते, बी पेशी. लहानशी, गोल, काम ना धाम, रक्तात नुसती भटकते.

‘तुझ्यासारखी,’ आई म्हणाली.

बरं. तर प्रत्येकीच्या नशिबात एकच जंतू असतो, दुसरा चालत नाही. तो भेटला तरी ती लगेच हलत नाही. शेजारच्या मदतनीस पेशीनं ‘अगं हाच तो’ म्हणून ढोसावं लागतं. मग मात्र फुगते. एकीच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. आणि त्यातल्या काही जणी ठरवतात, बास झालं भटकणं. केंद्रक एका कोपऱ्यात सरकवायचं आणि उरलेल्या सगळ्या अंगात कारखाना मांडायचा! सेकंदाला हजारो अँटिबॉडी. मग ती दुसरं काही करत नाही, मागे फिरत नाही. बहुतेक जणी आठ दिवसांत राबून मरतात. थोड्या हाडात जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षं काम करत राहतात.

दादा घास हातात धरून ऐकत होता. मग वहिनीकडे बघून म्हणाला, ‘म्हणजे ही.’ वहिनीनं त्याला न विचारता आणखी वाढलं.

मी पुढे रेटलं. अँटिबॉडीचेही प्रकार असतात. मोठं होताना पेशी ठरवते, कुठला प्रकार काढायचा. ‘जी’ प्रकार जंतूंशी लढतो आणि बाटलीत तोच असतो. ‘ई’ प्रकार म्हणजे खाज, शिंका, सूज. अक्रोड खाल्ला की माझं जे होतं, ते या ‘ई’मुळे. हा प्रकार बाटलीत नसतोच म्हटलं तरी चालेल, आणि बाहेरून गेला तरी दोन-चार दिवसांत विरून जातो.

‘तो तुझा तुला लखलाभ, टम्मी,’ दादा म्हणाला.

टम्मी हे माझं नाव मी सातवीत असताना पडलं. दादानं आयुष्यातला पहिला केक केला होता, अक्रोड घातलेला. पहिला तुकडा मलाच म्हणून मी हट्ट धरला आणि दहा मिनिटांत माझा ओठ टम्म! तेव्हापासून अक्रोड बंद. नाव चालू.

६ मार्च, गुरुवार

लस दिली! धनुर्वाताची. तुलनेला एक धडधाकट माणूस लागतो, म्हणून मीही बाही वर केली. नर्स म्हणाली, ‘दोघंही एकदम? जुळे का?’ दादा म्हणाला, ‘आता जवळजवळ.’

आणि गंमत! त्याच्या जुन्या लसी सगळ्या पुसल्या गेल्या ना, म्हणून त्याला पहिल्यापासून सगळ्या द्यायच्या. मग नर्सनं त्याला लहान मुलांचं पिवळं कार्ड दिलं. वर बदकाचं चित्र, आत वजनाचा तक्ता, ‘पहिला दात कधी आला’ असा रकाना. दादानं तिथंच पेन मागून त्यात आजची तारीख टाकली. आम्ही दोघं इतके हसलो की बाहेरच्या बाकावरचं खरं बाळ रडायला लागलं. कार्ड आता फ्रिजवर चिकटवलंय.

आज दिवस शून्य. सातव्या दिवशी रक्त. कारखाने सातव्या दिवशी रक्तातून चाललेले असतात, तेव्हाच गाठायचे. मला हे झोपेतही सांगता येईल.

७ मार्च, शुक्रवार

दोघांचे दंड सुजले. शेंगदाण्याची बरणी दोघांनाही उघडेना. शेवटी आईनं उघडली.

९ मार्च, रविवार

दादा नुसता उधळलाय. ठिपके दिसले की त्या दिवशी घरच्या ओव्हनमध्ये अक्रोडाचा पाव करणार म्हणे, स्वतःच्या हातानं. तेरा महिने पथ्यामुळे अक्रोडाचं तोंड पाहिलं नाही त्यानं. म्हटलं, आणि मी काय खाऊ? म्हणाला, ‘तू वास घे.’

वहिनीनं बेकरीतून खास निवडक अक्रोड आणायचं कबूल केलंय. त्यावरून दादानं तिला पुन्हा तेच व्याख्यान दिलं — अक्रोड पिठात घालण्याआधी एक तरी चावून बघायचा, खवट निघाला तर सगळा घाणा वाया. वहिनी म्हणाली, ‘तेरा महिने कोण चावतंय मग, शेजारीण?’

ती आज दिवसभर अक्रोड निवडून आली होती. दादानं तिचा ॲप्रन धुवायला टाकला आणि मग संध्याकाळभर मनगटं खाजवत बसला. लाल झाली होती. आई म्हणाली, साबण बदला. वहिनीनं साबण बदलला.

११ मार्च, मंगळवार

आज लॅबमध्ये तीनदा पिपेटला टोक न लावताच द्रव ओढला. पहिल्या वर्षाची पोरंही असं करत नाहीत. भिंग म्हणाला, ‘प्रेमात पडलीस का?’ भिंग म्हणजे आमचा ठिपके मोजणारा, सगळं डोळ्यांजवळ नेऊन बघतो म्हणून भिंग. म्हटलं, हो, पडले. एका गोल पेशीच्या.

अजून दोन दिवस. दोन!

१३ मार्च, गुरुवार

सातवा दिवस!

सकाळी आठला दोघांनी रक्त दिलं. दादाची नळी एकवीस नंबर, माझी चौदा. नऊला मी लॅबमध्ये. नळ्या फिरवल्या, मधला पांढरा थर अलगद काढला, धुतला, परत धुतला, पाच वेळा धुतला. बाटलीतली एकही परकी अँटिबॉडी सोबत येता कामा नये. त्या थरातच माझ्या पेशी. एकीकडे माझ्या माझ्यातल्या, दुसरीकडे माझ्या दादातल्या. दोन्ही नळ्या उजेडात धरून बघितल्या. काही फरक दिसत नाही. दिसणार काय म्हणा.

प्लेटीच्या प्रत्येक खळग्याच्या तळाला लशीतला तुकडा चिकटवलेला असतो. वर पेशी सोडायच्या आणि उबेला ठेवून द्यायच्या. कारखानदार पेशी जिथं बसेल तिथं तिच्याखाली अँटिबॉडी साचतात. उद्या रंग घातला की तिथं निळा ठिपका उठतो. पेशी मेली, वाहून गेली तरी ठिपका राहतो. रात्रभर प्लेट अजिबात हलवायची नाही. हलली तर ठिपक्यांना शेपट्या फुटतात. मी उबेच्या कपाटावर चिठ्ठी लावली: ‘दार आपटेल त्याच्याशी जन्माची कट्टी.’

घरी निघताना कपाटाला हात लावून आले. हळूच.

१४ मार्च, शुक्रवार

रंग घातला, पाणी ओतलं, प्लेट वाळवली. भिंगाला कुठले खळगे कुणाचे ते ठाऊक नव्हतं. तो भिंगाखाली बघत बोलत गेला आणि मी लिहीत गेले.

‘पहिली रांग. सत्त्याऐंशी. ब्याण्णव. एक्क्याऐंशी. वा, कोण आहे हा पठ्ठ्या?’

तो पठ्ठ्या मी.

‘दुसरी रांग. कोरी. कोरी. कोरी.’ मग मान वर करून म्हणाला, ‘यात पाणी घातलं होतंस का?’

मी म्हटलं, नाही. त्यात माझा दादा होता.

भिंगानं न सांगता दुसरी रांग पुन्हा मोजली. दोनदा. माझ्यासाठी एखादा तरी ठिपका सापडावा म्हणून तो खळग्यात असा डोळा घालून बसला होता की मलाच रडू आलं.

घरी सांगितलं. आई म्हणाली, ‘तुझ्याच पेशी ना, मग उशिरा उठणार. तू कधी वेळेवर उठलीस?’ कुणी हसलं नाही. आईसुद्धा नाही.

दादा फक्त ‘बरं’ म्हणाला.

१५ मार्च, शनिवार

दादानं किल्ली परत खुंटीवर लावली. वहिनीला म्हणाला, ‘त्याला हो सांगून टाक.’

१६ मार्च, रविवार

मी गाढव आहे! शंभर नंबरी गाढव! आणि मला याचा इतका आनंद झालाय की लिहिताना अक्षर धड येत नाहीये.

सकाळी मी स्वयंपाकघरात तोंड पाडून बसले होते. वहिनी बेकरीत गेली होती. ‘त्याला’ तिनं अजून काही कळवलेलं नाही. म्हणाली, महिना संपायला पंधरा दिवस आहेत, मला कसली घाई नाही. दादा खमिराच्या बरणीत पीठ घालत होता. बेकरीतलं मूळ खमीर अकरा वर्षांचं, त्यातलं थोडं तो घरी जगवून ठेवतो. आपलं काम गेलं तरी खमीर उपाशी राहू नये म्हणे.

बरणीकडे बघतच त्यानं विचारलं, ‘टम्मी, तुझ्या त्या पेशींना ही लस आधी माहीत होती?’

‘हो तर. लहानपणापासून चार-पाच वेळा घेतलीय.’

‘आणि माझ्यातल्यांना?’

‘त्याही माझ्याच रे.’

‘तुझ्या, पण इथं येऊन नव्यानं वाढलेल्या. त्यांनी कुठं बघितलीय लस?’ त्यानं बरणी माझ्यापुढे सरकवली. ‘हे जुनं खमीर. पिठात घातलं की सकाळपर्यंत पीठ परातीबाहेर. पण नवं खमीर धरायला घेतलं, तर पहिला आठवडा हाती काही लागत नाही. शिकाऊ माणूस मेलं म्हणून ओतून देतो. दोन आठवडे दम धरावा लागतो.’ मग माझ्याकडे बघून म्हणाला, ‘तू सातव्या दिवशीच झाकण उघडलंस काय?’

मी फ्रिजकडे बघितलं. बदकाचं पिवळं कार्ड! दहा दिवस ते कार्ड माझ्या डोळ्यांपुढे आहे, दूध काढताना रोज त्याला हात लागतो! सातवा दिवस हा मुरलेल्यांचा. ज्यांनी लस आधी पाहिलीय त्यांच्या आठवणीतल्या पेशी चटकन कारखाना मांडतात. पहिल्यांदाच धडा घेणाऱ्यांना दोन आठवडे लागतात. हे मी दरवर्षी नव्या पोरांना शिकवते. शिकवते! आणि स्वतःच्या भावाला मी स्वतःच्या घड्याळावर लावलं, कारण डोक्यात एकच होतं — माझ्या पेशी, माझ्या पेशी.

मी दादाला मिठी मारली. पीठ दोघांच्याही अंगावर. तो म्हणाला, ‘अगं बरणी, बरणी!’

१७ मार्च, सोमवार

मॅडम आल्या. मी दारातच सगळं ओकून टाकलं. त्या शांतपणे चष्मा पुसत होत्या.

‘सातवा दिवस? त्यांना?’

‘हो मॅडम.’

‘फोन होता ना तुझ्याकडे?’

‘होता मॅडम.’

मग जे ऐकलं ते लिहीत नाही. लिहायची गरजही नाही, जन्मभर आठवेल. शेवटी म्हणाल्या, ‘वीस तारखेला चौदावा दिवस. रक्त घे. या वेळी माझ्यासमोर.’ आणि जाता जाता, ‘हे तुला कुणी दाखवून दिलं?’

‘दादानं. तो बेकर आहे.’

‘त्यांना नोकरी हवी असेल तर सांग.’

मी तरंगतच जागेवर आले. पण मॅडमनी मागून हाक मारून तेही सांगितलंच — चौदाव्या दिवशीही रांग कोरी निघू शकते. काही जणांच्या पेशी वर्षानुवर्षं तशाच गोल राहतात. फिरतात, पण कारखाना मांडत नाहीत. डॉक्टरीणबाईंनाही फोन केला. त्या म्हणाल्या, तसं झालं तर बाटली आणखी वर्षभर. चोवीसची ठरलेली बाटली तर आहेच.

आणखी एक वर्ष वहिनीला जमणार नाही. ती म्हणत नाही. पण काल ती बूट न काढता सोफ्यावर झोपली होती.

१८ मार्च, मंगळवार

किल्ली परत दादाच्या खिशात. खमिराचा शोध लागल्यापासून स्वारी हवेत आहे. मला ‘काय गं शास्त्रज्ञ’ म्हणून हाक मारतो. आज आईला सांगत होता, ‘मी नसतो तर लॅब बंद पडली असती.’

वहिनीनं अक्रोडांची पिशवी आणली. दादाचं ठरलंय: उद्या पीठ भिजवून ठेवायचं, परवा रक्त देऊन आलं की पाव ओव्हनमध्ये. ठिपके कळायच्या आधीच. म्हटलं, आणि रांग कोरी निघाली तर? म्हणाला, ‘तर पाव खाऊन रडू. उपाशी कशाला रडायचं?’ मग जरा वेळानं, ओटा पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘नाही उमटले ठिपके तरी तू मनाला लावून घेऊ नकोस. तू तुझं दिलंस.’

मी त्याच्या हातातलं फडकं घेऊन उरलेला ओटा पुसला.

मला भीती वाटतेय. आणि हसूही फुटतंय. दोन्ही एकदम कसं होतं कुणास ठाऊक. परवा! परवा!

१९ मार्च, बुधवार

इमर्जन्सीच्या बाकावर बसून लिहितेय.

दादा ठीक आहे, हे आधी. झालं काय, त्यानं उद्याच्या पावासाठी अक्रोड फोडले आणि सवयीनं एक चावून बघितला. खवट नव्हता. दहा मिनिटांत त्याचा खालचा ओठ टम्म, मनगटं लालेलाल! वहिनी गाडीची चावी शोधत सैरावैरा. आई त्याच्या पाठीवरून हात फिरवतेय. आणि मी त्याच्या ओठाकडे बघून हसत सुटले! वहिनी म्हणाली, ‘वेड लागलंय का?’ पण मी तो ओठ ओळखते. तो माझा आहे. ‘ई’ आहे ते, ‘ई’! बाटलीत नसतं ते! माझ्याकडून आलेलं असतं तर तेरा महिन्यांत कधीच विरलं असतं. हे इथं, दादाच्या अंगात, कुणीतरी आत्ता बनवतंय. कारखाना सुरू आहे! लस नसेल बघितली त्या पेशींनी, अक्रोड मात्र वहिनीच्या ॲप्रनवरून तेरा महिने बघितलाय. आणि मी बाई, फॉर्मवर ‘ॲलर्जी नाही’!

इंजेक्शन दिलं, सूज उतरतेय. डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, ‘अक्रोड जन्माचा बंद. आणि चोवीसची बाटली आत्ता लावायची नाही.’ वहिनीनं ते ऐकलं. मग माझ्या हातावर दोन चापट्या मारल्या आणि रडली.

इथला डॉक्टर कागद भरत होता. ‘ही ॲलर्जी यांना कधीपासून आहे?’

दादाला ओठामुळे बोलता येईना. त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं.

मी म्हटलं, ‘मी सातवीत असल्यापासून.’